एका खोडावरची पंगत

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी ते आहे, द्राक्षमळ्यांच्या उताराला पाठ टेकून बसलेलं आहे, आणि ऑक्टोबर सरता सरता तिथे शेवंतीला असा काही पूर येतो की गावातल्या ओढ्याने अंग चोरून वाहावं. एवढ्या खुणांवरून ज्याला शोधायचं त्याने खुशाल शोधावं. नाव न सांगण्याची अट माझ्या व्याह्यांची आहे. ती का घातली हे पुढे कळेलच, आणि कळल्यावर तुम्हीही म्हणाल की बरोबर घातली.

आता मी कोण, ते. मी फलटणचा बापूराव. उभा जन्म मांडव घालण्यात गेला. लग्नाचे घातले, मुंजीचे घातले, गणपतीचे घातले, सभांचे घातले. एकाच मांडवात सकाळी एका पक्षाची आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षाची सभा झाली आहे. मधल्या वेळात मी फक्त झालरीचा रंग बदलला. एका दसऱ्याला मी शेवंतीच्या फुलांचा हत्ती उभा केला होता. तो इतका हुबेहूब, की सांगलीकडचा एक माहूत 'आमचा पळालेला हत्ती तो हाच' म्हणत आला आणि समजूत पटेना म्हणून पुढ्यात उसाची मोळी टाकून गेला. सकाळी बघतो तर ऊस संपलेला. याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

एश्बॉर्न

माझी मुलगी रेवती आणि जावई अमेय फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला राहतात. दोघंही इंजिनियर. गाव म्हणजे नुसत्या काचेच्या इमारती. सकाळी माणसं आत जातात, संध्याकाळी तीच बाहेर येतात, आणि मध्ये आत काय चालतं हे काच असूनही दिसत नाही. आम्ही दोघं नवराबायको तिकडे गेलो तेव्हा आमचे व्याही वसंतराव आणि विहीणबाई आधीच येऊन बसलेले होते.

वसंतराव पुण्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नियम म्हणजे या माणसाचा प्राण. जर्मनीत ते इतके खुशीत होते की विचारू नका. रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्यापुढे उभं राहायचं आणि हिरवा होईपर्यंत समाधानाने श्वास घ्यायचा. कचऱ्याचे चार डबे तर त्यांना चार धामांसारखे. दह्याच्या डब्याचं झाकण एका डब्यात आणि डबा दुसऱ्यात टाकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते मी लग्नात नवरदेवाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, आणि मी नवरदेव कमी पाहिलेले नाहीत.

त्यांचं दुःख एकच. पूजेला फूल नाही.

पुण्यात वसंतराव पहाटे फिरायला निघतात ते एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी घेऊन. कोथरूडातल्या अर्ध्या कुंपणांवर त्यांचा वावर आहे. "बापूराव, ही चोरी नव्हे," असं त्यांनी मला बजावलं आहे. "याला शिस्त आहे. एका झाडाचं एकच फूल. समोरच्या बाजूचं कधी नाही, मागचं. आणि ज्या झाडाला सर्वांत जास्त फुलं त्याचंच." एश्बॉर्नला कुंपणं गुडघ्याएवढी, फुलं ही एवढाली, पण पोलिसांच्या भीतीने हात धजत नव्हता. सुपरमार्केटमधल्या पुदिन्याच्या कुंडीचं एकेक पान ते बाळकृष्णाला वाहत होते. देवाच्या अंगाला पेपरमिंटच्या गोळीसारखा वास यायला लागला होता.

आमचं भांडण झालं ते बाल्कनीवरून. ऊन फार येतं म्हणून मी दोन चादरी आणि सुतळी घेऊन तिथे छोटासा मांडव घातला. छोटासाच. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले एवढंच. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर वर आला आणि म्हणाला, हे उतरवा. आणि आमचे व्याही, रक्ताचे नसले तरी अक्षतांचे नातेवाईक, सरळ त्या हाउसमाइस्टरच्या बाजूला जाऊन उभे राहिले!

"नियमात बसत नाही, बापूराव."

"अहो, तुम्ही मुलाकडचे ना? मग हाउसमाइस्टरकडचे कधीपासून झालात?"

दोन दिवस आम्ही एकमेकांशी नातीमार्फत बोललो. नात सात वर्षांची, मराठी सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते, त्यामुळे भांडणाला मजा येईना. शेवटी दोन्ही बायकांनी एकमताने ठराव केला. माझी बायको रेवतीला म्हणाली, "या दोघांना कुठेतरी घेऊन जा गं. आम्हाला जरा जर्मनी बघू दे."

काचघर

रेवती डार्मश्टाटला शिकत होती तेव्हा उलरिके नावाची मुलगी तिच्या शेजारच्या खोलीत राहायची. पुढे ती शिक्षण सोडून जपानला गेली, शेवंती वळवण्याची विद्या शिकून आली, आणि आता या गावच्या रोपवाटिकेची मुख्य माळीण आहे. तिनेच बोलावलं होतं.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबलो. नगरपालिकेच्या खिडक्यांतून शेवंतीचे धबधबे खाली कोसळत होते. फुलांचे खरे, पण थेंब उडेल म्हणून वसंतरावांनी छत्री उघडली, हे मी शपथेवर सांगतो. ते म्हणतात पाऊस होता. कारंज्यावर शेवंती, पुलाच्या कठड्यावर शेवंती, दारूच्या पिंपातून शेवंती, खाटकाच्या दुकानात टांगलेल्या सॉसेजच्या दोन्ही बाजूंना शेवंती. चौकात एक जांभळ्या शेवंतीचा मोर होता, पिसारा फुलवून. मी त्याच्याभोवती फिरलो. मागे जाळी उघडी पडलेली, कामट्या दिसत होत्या.

"मागे मोकळंच ठेवलंय," मी रेवतीला म्हणालो. "म्हणजे आपलीच मंडळी."

उलरिके रोपवाटिकेच्या दारात उभी होती. उंच इतकी, की तिला माझ्या डोक्यावरून पलीकडचं गाव दिसत असणार. हात पुढे केला तर बोटांची नखं हिरवट काळी. शेंडे खुडून खुडून शेवंतीचा रस मुरलेला. वसंतरावांनी त्या नखांकडे बघितलं आणि त्यांना एकदम ही बाई आवडली. मला तेव्हा कारण कळलं नाही.

"आल्झो," ती म्हणाली, "चला, दाखवते."

काचघराचं दार उघडल्यावर आधी वास आला, पानांचा, कडवट, थंड. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलांचा टेम्पो रिकामा करताना येतो तो. आणि मग ते दिसलं.

मध्यभागी एक घुमट होता. पांढऱ्या शेवंतीचा. माणूस आत उकिडवा बसेल एवढा उंच, आणि त्याच्याभोवती फेर धरायला चार माणसं लागतील एवढा रुंद. प्रत्येक फूल लिंबाएवढं नाही, पुरीएवढं. टोकावर एक, त्याखाली फुलांचं कडं, त्याखाली मोठं कडं, असं खालपर्यंत. आणि दोन फुलांमधलं अंतर असं सारखं, की फुलांनी शाळेत कवायत केली असावी. प्रत्येक फुलाच्या गळ्याखाली तारेची बारीक चकती होती, फुलाने मान टाकू नये म्हणून.

"छान," मी म्हणालो. धंद्यातला माणूस पटकन भारावत नसतो. "किती झाडं बसवलीत आत?"

रेवतीने विचारलं. उलरिके हसली आणि गुडघ्यांवर बसून तिने खालची पानं बाजूला केली. आत एक खोड होतं. एक. माझ्या अंगठ्याएवढं.

मी पोटावर झोपून बघितलं. पलीकडून बघितलं. अजून कुठे दडवलेलं खोड आहे का ते बघितलं. धंद्यातला माणूस फसत नसतो. एकच होतं.

मग तिने सांगितलं ते असं. मागच्या वर्षी याच सुमाराला मुळाशी आलेला एक कोवळा फुटवा घ्यायचा. त्याचा शेंडा खुडला की दोन फांद्या. त्यांचे शेंडे खुडले की चार. वर्षभर हेच. खुडायचं, वळवायचं, सांगाड्याला बांधायचं. प्रत्येक फांदीवर एकच कळी ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. आणि उन्हाळ्यात सूर्य लवकर मावळत नाही, म्हणून संध्याकाळी वरून काळं कापड टाकायचं. रोपाला वाटतं रात्री मोठ्या झाल्या, थंडी आली, आता फुललं पाहिजे.

"म्हणजे फसवायचं!" मी खूश होऊन म्हणालो. "अहो, हा तर आमच्या धंद्याचा सख्खा भाऊ!"

"तुमचा मांडव रात्रीत उभा राहतो, बापूराव," वसंतराव म्हणाले. "हिला वर्ष लागलंय."

"तेवढ्या वर्षात मी तीनशे मांडव घातले असते."

"आणि तीनशे हाउसमाइस्टर आले असते."

रेवतीने आम्हाला बाजूला घेतलं आणि मराठीत खरी गोष्ट सांगितली. उलरिकेचा हा तिसरा घुमट. पहिला ऐन कळीत थंडीने गेला, दुसऱ्याला कीड लागली. यंदा नाही जमलं तर हा जपानी कोपरा बंद आणि पुढच्या वर्षी इथे भोपळ्यांचा मनोरा, असं नगरपालिकेने सांगून ठेवलं होतं. आणि ज्यांच्या हाताखाली ती चार वर्षं शिकली ते मोरितासान उद्या दुपारी येणार होते. उद्घाटन संध्याकाळी.

"ते 'पूर्ण आहे' म्हणाले तर दार उघडणार," रेवती म्हणाली. "नाही म्हणाले तर ती स्वतःच काळं कापड टाकून देणार आहे. तिचं ठरलंय."

काम करणाऱ्या माणसाचा आदल्या दिवशीचा चेहरा मी ओळखतो. तो उलरिकेचा होता. म्हणून धीर द्यायला मी तिला माझ्या हत्तीची गोष्ट सांगितली. तिने ती संपूर्ण खरी मानली, उसासकट. म्हणाली, उद्या काही अडलं तर तुम्ही आहातच. मी म्हणालो, निश्चिंत राहा.

संध्याकाळी तिने आम्हाला गावातल्या एका मद्यशाळेत नेलं. या दिवसांत तिकडे कांद्याची जाड पोळीवजा भाजी, म्हणजे खाली पाव, वर मलईत शिजवलेला कांदा, आणि त्याबरोबर नवी, अजून फसफसणारी, गढूळ द्राक्षाची वाइन असा बेत असतो. वसंतरावांना चातुर्मास, कांदा वर्ज्य. उपासाच्या माणसाला जर्मनीत काय मिळतं? बटाटा. त्यांनी उकडलेला बटाटा आणि मीठ घेतलं, आणि माझ्या ताटाकडे असं पाहत राहिले की कांदा आपण होऊन लाजला. उरलेल्या वाइनची बाटली मी पिशवीत आडवी ठेवली. तिचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, आत वायू होतो म्हणून, हे मला कुणी सांगितलं होतं? खोलीवर येईपर्यंत बाटली रिकामी आणि वसंतरावांचं सोवळ्याचं धोतर भरलेलं.

"वास येतोय हो देवाला," ते म्हणाले.

"पेपरमिंटपेक्षा बरा," मी म्हणालो.

सकाळ

आमची खोली रोपवाटिकेच्या आवारातच, उलरिकेच्या घराच्या वर होती. मी उठलो तेव्हा वसंतराव आंघोळ करून, धुतलेल्या ओल्या धोतरात, खिडकीच्या फळीवर मांडलेल्या देवापुढे बसले होते. चेहरा असा प्रसन्न की गेल्या महिन्याभरात पाहिला नव्हता. बाळकृष्ण दिसतच नव्हता. तो एका पांढऱ्याशुभ्र, पुरीएवढ्या शेवंतीच्या मागे होता.

मी फळीपाशी जाऊन ते फूल जवळून बघितलं.

"वसंतराव, हे फूल?"

"उलरिकेबाईंनी पाणी घालायला दार उघडं ठेवलं होतं. मी बाहेरून नमस्कार केला, मग आत गेलो."

"कुठलं आहे?"

"मागचं, अहो. अगदी खालच्या ओळीतलं. एकच." त्यांनी शांतपणे घंटी उचलली. "ज्या झाडाला सर्वांत जास्त फुलं, त्याचंच."

मी लुंगीवर धावत गेलो. जर्मनीत लुंगीवर धावणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. एक सायकलवाला कुंपणात गेला. काचघरात मागच्या बाजूने खाली बघितलं. ओळीत एक दात पडलेला. सगळा घुमट हसत होता, आणि मध्येच ते बोळकं.

रेवतीला उठवून आणलं. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. सासरा तो, त्याला काय बोलणार? मला म्हणाली, "अप्पा, तुम्ही कुठे होता?"

"मी झोपलो होतो! माणसाने झोपूही नये का?"

तोवर वसंतराव तीर्थाची पळी हातात घेऊन आले. त्यांना सगळं समजावलं. एक खोड, एक वर्ष, दुपारी गुरू येणार. त्यांचा चेहरा धोतरासारखा पडला.

"मला वाटलं, एवढ्यात एक..."

"ते फूल आणा परत. मी बसवतो. तार आहे, काडी आहे, मोरितांच्या बापाला कळणार नाही."

"वाहिलेलं फूल परत घ्यायचं?" वसंतराव दोन पावलं मागे सरकले. "ते नाही जमायचं, बापूराव. ते देवाचं झालं."

"अहो, देव चार तास उसना देणार नाही?"

"नाही."

असा माणूस! चोरलेलं परत द्यायला नियम आडवा. मी म्हटलं, मरू दे, कोपऱ्यातल्या दुसऱ्या झाडाला तसलीच पांढरी फुलं आहेत. एक कापायचं, देठाला तार गुंडाळायची, चकतीत खोचायचं. पाच मिनिटांचं काम. बाकावरची कात्री उचलली.

"अप्पा, कात्री खाली ठेवा."

रेवती बोलली, पण तिची नजर माझ्यामागे होती. दारात उलरिके उभी होती, हातात पाण्याची झारी घेऊन.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आली, वाकली, ती जागा बघितली. मग एका पालथ्या कुंडीवर बसली. रेवतीने तिला सगळं सांगितलं, माझ्या तारेच्या उपायासकट. उलरिकेने मान हलवली आणि हळूच काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

रेवती सांगायला तयार नव्हती. मी पुन्हा विचारलं.

"म्हणते, दुसऱ्या झाडाचं फूल लावलं तर मग ही नुसती सजावट होईल."

नुसती सजावट. आता बघा, मी उभा जन्म तेच केलं. पण राग आला नाही, कारण ती मला बोललीच नव्हती, त्या घुमटाबद्दल बोलली होती, आणि तिचे डोळे भरले होते. वसंतराव तर असे उभे होते, की कुणी त्यांना कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं तर कुठल्या, एवढंच त्यांनी विचारलं असतं.

मी त्या बोळक्याकडे बघत बसलो. खालची ओळ. डावीकडे एक फूल, उजवीकडे एक, मध्ये रिकामी जागा. हे कुठेतरी पाहिलंय, असं वाटत होतं. आणि पाहिलेलंच होतं, हजार वेळा! माझ्याच मांडवात! पंगत बसलीय, वाढपी निघालेत, आणि मधलाच एक जण उठून जातो. मधे ते रिकामं पान कसं दिसतं? यजमानाच्या छातीत धस्स होतं. मग आपण काय करतो? बाहेरचा माणूस आणून बसवतो का? छे!

"सरका!" मी ओरडलो.

तिघंही दचकले.

"अगं, सरकवा सगळ्यांना! एकाची जागा सगळ्यांनी थोडी थोडी खायची. पंगत पुन्हा भरलेली! सांग तिला."

रेवतीने सांगितलं. पंगत म्हणजे काय हे सांगताना तिने जमिनीवर मांडी घालून, ढुंगणाने सरकून दाखवलं. एका नामांकित कंपनीत गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारी माझी मुलगी. उलरिके तिच्याकडे बघत राहिली. मग उठली. वाकून त्या ओळीच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. बोटं हलवत काही पुटपुटली. सगळ्यांत खालचं कडं, सगळ्यांत जास्त फुलं, शिवाय त्याच्या खाली दुसरी ओळ नाही. दोन फुलांमधलं अंतर किती वाढेल? रेवतीने हिशेब केला. नखाच्या जाडीएवढं. थोडं जास्त.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं उलरिके म्हणाली. आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग जे काम सुरू झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. प्रत्येक चकतीची तार सैल करायची, फूल हळूच सरकवायचं, तार पुन्हा आवळायची. देठ इतका ठिसूळ की रागाने बघितलं तरी मोडेल. मी पहिली गाठ मारायला घेतली आणि उलरिकेने माझा हात धरला. माझ्या गाठीने लोखंडी खांब सरळ होतात. त्या फुलाची मान राहिली नसती. मला देखरेखीवर नेमण्यात आलं. म्हणजे मी दोरी धरून अंतर मोजायचं आणि "सरका, सरका, अजून थोडं, बास" म्हणायचं. हे काम मी असं केलं की ब्लॅक फॉरेस्टमधल्या देवदारांनीसुद्धा जागा करून दिली असती.

पण खरा चमत्कार वसंतराव. ते बिचारे कोपऱ्यात उभे होते. उलरिकेला एका हातात फांदी, दुसऱ्यात तार, मग फूल धरायला तिसरा हात हवा होता. वसंतरावांनी विचारलं, "मी धरू?" आणि धरलं. दोन बोटांत, देठाच्या सांध्याखाली, असं अलगद की वरचं पानसुद्धा हललं नाही. कोथरूडात कुत्रं जागं होऊ नये म्हणून कमावलेला हात तो! उलरिकेने त्यांच्याकडे बघितलं. मग पुढचं फूल त्यांच्याच हातात दिलं. त्याच्या पुढचंही.

आम्ही शेवटची तार आवळली तेव्हा बाहेर गाडीचा आवाज आला.

मोरितासान

मोरितासान लहानखुरे, बुटके, अंगात राखाडी स्वेटर, आणि खिशात एक छोटी कात्री. आमच्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. ते अजून वाकले. मीही अजून वाकलो. हरायचं नाही म्हणून मी आणखी वाकलो आणि रेवतीने मला कॉलर धरून सरळ केलं.

त्यांनी आधी समोरून घुमट बघितला. मग बसून, नजर फुलांच्या पातळीला आणून, एकेका ओळीवरून. उलरिके हात मागे बांधून उभी होती आणि तिची हिरवी नखं तळव्यात रुतली होती.

मग ते उठले आणि मागे गेले.

आमच्या धंद्यात मागे कुणी जात नाही हो. मंत्री आले तरी समोरून हार घेऊन जातात. हा मनुष्य सरळ मागे गेला, नेमक्या त्या ठिकाणी खाली बसला आणि पानं बाजूला केली. आत, फांदीवर, खुडल्याची खूण होती.

"आय प्लक्ड," वसंतराव एकदम म्हणाले. "मी. आय. सकाळी. फॉर गॉड. शी डिड नथिंग राँग."

उलरिकेने जपानीत सांगितलं. फूल गेलं ते, पंगत, सरकासरकी, सगळं. बराच वेळ सांगत होती. मोरितासान ऐकत राहिले, पण बोट त्या खुणेवरच. मग त्यांनी काही विचारलं, ते उलरिकेने रेवतीला जर्मनमध्ये सांगितलं.

"किती वर्षं खुडताय, असं विचारतात," रेवती मराठीत म्हणाली. "म्हणतात, खूण स्वच्छ आहे. सांध्यावर. साल ओढली गेली नाही."

वसंतराव माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो. "सांग, चाळीस वर्षांची तपश्चर्या आहे. रोज पहाटे, उन्हापावसात. पुण्यात यांचं स्वतंत्र घराणं आहे."

रेवतीने माझ्याकडे बघितलं, पण सांगितलं. मोरितासान गंभीरपणे वसंतरावांपुढे वाकले. मग पुन्हा खालची ओळ बघितली, डावीकडून उजवीकडे, हळूहळू, आणि पूर्ण वळसा घालून समोर आले. एका फुलाला बोटाच्या टोकाने केसभर ढकललं. मी देखरेखीत एवढं सोडलं होतं म्हणायचं. मग उलरिकेकडे वळून दोन शब्द बोलले.

तिने चेहरा ओंजळीत धरला. आम्हाला भाषांतराची गरज पडली नाही. भोपळे गेले खड्ड्यात.

पण मोरितासानना ते फूल बघायचं होतं. त्यांना वर नेलं. बाळकृष्णासमोर ते गुडघे टेकून बसले, टाळ्या वाजवून हात जोडले. मग हात पुढे केला, आणि ते फूल जरासं वळवलं. फुलाचा सगळ्यांत चांगला चेहरा आमच्याकडे होता, तो देवाकडे केला.

आता हे समजून घ्या. वसंतरावांच्या पूजेला विहीणबाईसुद्धा आंघोळीवाचून बोट लावू शकत नाहीत. अमेय लहानपणी प्रसादाची साखर घ्यायला गेला तर पुन्हा पूजा झाली आहे. मी श्वास धरून बघत होतो. वसंतराव नुसते जरा बाजूला सरकले, आणि मोरितासानना पाटावर जागा करून दिली.

उद्घाटन आणि परत

संध्याकाळी सगळं गाव लोटलं. महापौरबाईंचं भाषण झालं, बँड वाजला, आणि लोक घुमटाभोवती फिरायला लागले. मी मागच्या बाजूला उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मागून येणाराही समोरून येणाऱ्याइतकाच आ वासत होता. मांडवाच्या धंद्यात मला हे सुख कधी मिळालं नाही, आणि आता या वयात मिळालं ते दुसऱ्याच्या मांडवात. मी एका म्हातारीला खुणेने सांगितलं की हे मी केलं. ती म्हणाली, "जा?" म्हणजे, हो का? मी म्हणालो, "जा, जा." तिने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी निघताना उलरिकेने त्या झाडाच्या मुळाशी आलेला एक फुटवा काढून कुंडीत लावला आणि वसंतरावांच्या हातात दिला. चार पानं. फूल नाही, कळी नाही. मोरितासाननी बोटाने दाखवलं, इथे खुडायचं, पण आत्ता नाही, वसंतात. वसंतरावांनी तिच्याकडून जर्मनमधलं एकच वाक्य पाठ करून घेतलं. स्टेशनापर्यंत ते ओठांत घोळवत होते.

गाडीत कुंडी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसली, ओली छत्री घेऊन. छत्रीचं टोक कुंडीकडे झुकलं. वसंतराव ताठ झाले आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिटे निश्त आनफासेन!" कृपया हात लावू नये. बाईंनी छत्री पायाखाली ठेवली.

मला हसू आवरेना. म्हटलं, बघू तरी या राजपुत्राला. एक पान वर करायला बोट पुढे केलं, आणि फटकन हातावर चापट बसली.

"तुम्हीसुद्धा नाही, बापूराव."

"अहो, मी मुलीकडचा!"

"म्हणून फक्त एकच मारली."